कुंड्या, काकू आणि सामाईक भिंत

2025 च्या सप्टेंबरमध्ये पावसाने आपल्या जिल्ह्याला अक्षरशः झोडपून काढलं. परंडा, भूम तालुक्यांतली गावं पाण्यात गेली, सोयाबीन उभ्या जागी कुजलं, नदीकाठची शेतं खरडून निघाली. दसऱ्यानंतर उघडीप मिळाली आणि ऑक्टोबरचं चटके देणारं ऊन पडलं. अशाच एका रविवारी सकाळी मी गच्चीवर मोबाइल घेऊन बसलो होतो. सामाईक भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंचा आवाज आला, "भाभीचा मोगरा बघितलास का रे बाबा? का नुसता मोबाइलच बघायलास?"

भाभी म्हणजे माझी अम्मी. तिला जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या मागे गच्चीवर अकरा कुंड्या आणि डबे राहिले. मोगरा, मेंदी, पुदिना, कढीपत्ता, कोरफड, शेवंती, एक देशी गुलाब, नातवाने हौसेने आणलेला मनी प्लांट. मी रोज न चुकता पाणी घालत होतो. एवढं केलं की आईची आठवण जपली, असं मला वाटायचं. पण मोगऱ्याने त्या उन्हाळ्यात एकही फूल दिलं नव्हतं. पानं पिवळी पडत होती आणि घातलेलं पाणी दोन मिनिटांत खालून वाहून जात होतं.

काकूंनी भिंतीवरून वाकून कुंडीत बोट खुपसलं. "पाणी थांबंल कुठं? आत माती राहिलीय का? सगळी मुळंच हायेत."

त्या रविवारी आणि पुढच्याही रविवारी आम्ही दोन्ही गच्च्यांवरच्या कुंड्या बदलल्या. काकूंचं वय सत्तरीच्या पुढचं. खाली बसणं त्यांना जमत नाही, म्हणून त्या स्टुलावर बसून सांगणार आणि मी करणार, अशी वाटणी झाली. मी पेशाने मास्तर. पण त्या दोन रविवारी मी विद्यार्थी होतो, तोही जरा ढ.

काकूंची पद्धत ठरलेली आहे. आदल्या संध्याकाळी कुंडीला पाणी द्यायचं, म्हणजे मातीचा गोळा अखंड सुटतो. काम ऊन चढायच्या आत उरकायचं. नवी कुंडी जुनीपेक्षा चार बोटं मोठी असावी, त्याहून जास्त नको. फार मोठी घेतली तर मुळं न पोचलेली माती ओलीच राहते आणि झाड सडतं. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवायचा. आपल्याकडची काळी माती एकटी कधी वापरायची नाही. ती पाण्याने फुगते, वाळली की भेगाळते आणि कुंडीत तर तिची वीटच होते. म्हणून दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग पुरतं कुजलेलं शेणखत आणि वर मूठभर निंबोळी पेंड. गोळ्याभोवती वेटोळे घातलेली मुळं बोटांनी हळूहळू सोडवायची, काळी पडलेली कापून टाकायची. लावल्यावर आठ-दहा दिवस कुंडी सावलीत. गुलाबाची छाटणी याच दिवसांत करून घ्यायची. शेवंतीला मात्र हात लावायचा नाही. तिला कळ्या धरल्यात, तिची पाळी फुलं सरल्यावर.

मोगरा डब्यातून ओढून काढला तेव्हा मी बघतच राहिलो. मुळांनी डब्याचा हुबेहूब आकार घेतला होता. माती जवळजवळ संपली होती. म्हणजे दोन वर्षं मी मुळांच्या गुंडाळीवर पाणी ओतत होतो.

काकूंचं माहेर तेरचं, गोरोबाकाकांच्या गावचं. कुंडीला पाणी हवं की नको, हे त्या बोटाच्या पेराने टकटक करून सांगतात. खणखणीत आवाज आला तर कुंडी तहानलेली, बद्द आला तर अजून ओल आहे. हे फक्त मातीच्या कुंडीलाच कळतं, प्लास्टिकला नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. कोण पक्कं आणि कोण कच्चं हे बघायला गोरोबांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारलं, त्यात नामदेव कच्चे ठरले, ही कथा त्यांनी मला त्या दोन रविवारी तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा सांगताना त्यांनी माझ्या डोक्यावरही टकटक केली. निकाल सांगितला नाही.

दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास काकूंचा भाऊ तेरहून मातीचं एक पोतं आणून टाकायचा. त्यातली निम्मी माती भिंतीवरून अम्मीकडे यायची. अम्मीकडून काय जायचं? पुदिन्याच्या काड्या, मेंदीचा पाला आणि पाणी. 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आमच्याकडेही तेव्हा हंड्या-कळशांचा हिशेब चालायचा. अम्मी वुजूचं पाणी बादलीत धरायची, काकू भाजी आणि तांदूळ धुतलेलं धरायच्या. दोन्ही एकत्र करून एक दिवस आमच्या झाडांना, एक दिवस त्यांच्या. त्या उन्हाळ्यात दोन्ही गच्च्यांवरचं एकही झाड मेलं नाही. याला कुणी 'सामाजिक सलोखा' वगैरे नाव दिलं नव्हतं. पाणी कमी होतं, एवढंच.

यंदा मातीचं पोतं आलं नाही. भावाच्या तेरणाकाठच्या शेतातली वरची मातीच पुरात गेली. "ज्याचं रान वाहून गेलं, त्याला कुंडीसाठी माती कुठल्या तोंडानं मागू?" काकू म्हणाल्या. मग मी नर्सरीतून मातीच्या पिशव्या आणल्या आणि पैसे आम्ही निम्मे-निम्मे केले. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, असं मी वर्गात शिकवतो. ज्या जिल्ह्यात ती एका रात्रीत वाहून गेली, त्याच जिल्ह्यात आम्ही दोघं ती पिशवीतून विकत घेत होतो. त्या दिवशी काकू फार बोलल्या नाहीत.

मग तुळशीचा विषय निघाला.

काकूंच्या वृंदावनातली तुळस त्या पावसात गेली होती. तळाचं भोक बुजलं, पाणी साचलं, मुळं सडली. आणि आमच्या बाजूला, भिंतीच्या कडेला, अम्मीच्या मेंदीच्या डब्यात तुळशीची चार रोपं आपोआप उगवली होती. काकूंच्याच तुळशीच्या मंजिऱ्या वाळून इकडे पडल्या असणार. काकूंनी ती कधीच हेरून ठेवली होती.

"दोन दे त्यातली. तुळशीच्या लग्नाच्या आत धरली पाहिजे."

मी अडखळलो. म्हणालो, "काकू, पूजेची आहे. आमच्या घरातली चालेल?"

"बी माझ्याच तुळशीचं हाय. तुझ्या डब्यात पडलं म्हणून काय बाटलं?"

हा प्रसंग इथेच संपवला असता तर लेख गोड झाला असता. पण प्रत्यक्षात असे प्रसंग इथे संपत नाहीत. काकूंच्या भजनी मंडळातल्या एक बाई वृंदावनाकडे बघून म्हणाल्या, "नर्सरीत वीस रुपयाला मिळाली असती की." त्यापुढे त्या काही बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती. आमच्याही बाजूला तेच. भाईजान, म्हणजे माझा थोरला भाऊ, गच्चीवर आला, उरलेली दोन रोपं बघितली आणि हसत म्हणाला, "तुलसी पाल रहा क्या रे अब?" चेष्टाच होती. पण चेष्टेतही एक प्रश्न असतो आणि तो मला ऐकू आला.

मी त्याला अम्मीच्या कबरीवरच्या सब्जाची आठवण करून दिली. तो सब्जा त्यानेच लावलाय, दर जुम्म्याला जाऊन पाणीही तोच घालतो. सब्जा आणि तुळस वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने 'ऑसिमम' या एकाच प्रजातीतल्या, म्हणजे सख्ख्या बहिणीच. पानं चुरगळून वास घेतला तरी नातं कळतं. एक अंगणात राहिली, दुसरी कब्रस्तानात गेली. भाईजानने वाद घातला नाही. त्याने विषय बदलला आणि प्लॉटवर आला.

कारण खरा विषय तोच आहे. भाईजान तीन वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या नव्या प्लॉटिंगमध्ये राहायला गेला. तिथे सगळे आपलेच. त्याच्या शेजारचा एक प्लॉट शिल्लक आहे आणि दिवाळीच्या आत इसार दे, म्हणून तो माझ्या मागे लागला होता. "कायकू रुक्या रे उधर? अपने लोगां में आ जा."

त्याची कारणं मी हसण्यावारी नेणार नाही. नोकरीच्या गावी भाड्याचं घर शोधताना नाव सांगितल्याबरोबर तीन घरांची दारं त्याच्यासाठी बंद झाली होती. एका ठिकाणी तर चहा झाल्यावर, आगाऊ रक्कम ठरल्यावर. त्या रात्री तो लॉजवर राहिला. त्याच्या मुलांनी तो अपमान बघू नये, एवढंच त्याला हवं आहे. 'मुस्लिम वेगळ्या वस्त्या करून राहतात' हा आरोप आपण सतत ऐकतो. सच्चर समितीने 2006 मध्येच नोंदवून ठेवलं आहे की सुरक्षिततेच्या भीतीने मुस्लिम एका जागी गोळा होतात, आणि घर विकत किंवा भाड्याने मिळण्यात त्यांना अडचणी येतात. त्याच्या आदल्याच वर्षी, 2005 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात असा निर्णय दिला की सहकारी संस्था आपलं सदस्यत्व एका समाजापुरतं मर्यादित ठेवू शकते. म्हणजे वेगळं राहणं हा काही एकट्या मुस्लिमांचा हट्ट नाही. भीती, नकार आणि कायदा असे तिघे मिळून ही वाटणी करतात.

मोगऱ्याच्या मुळांवरून 'वस्तीही अशीच कोंडते' असं म्हणण्याचा मोह मला झाला होता. पण उपमा तिथेच लंगडी पडते. झाड कुंडी निवडत नाही. आपल्यातल्या अनेकांनीही ती निवडलेली नाही. ज्याला दुसरी कुंडी कुणी देतच नाही, त्याला 'बाहेर ये' म्हणून उपदेश करण्यात अर्थ नाही. माझं म्हणणं त्यांच्यासाठी नाहीच. ते माझ्यासारख्यांसाठी आहे, ज्यांच्या वाट्याला सामाईक भिंत अजून शिल्लक आहे आणि जे ती आपल्या हाताने सोडून निघालेत. आणि ते त्या हिंदू घरमालकांसाठीही आहे, जे 'आमची काही हरकत नाही हो, पण सोसायटी...' असं म्हणून वाक्य अर्ध्यावर सोडतात.

भाईजानची वसाहत चांगली आहे. रुंद रस्ते, मोठ्या गच्च्या, सज्जन माणसं. रस्त्याच्या पलीकडे दुसरं प्लॉटिंग आहे, तिथे सगळे 'त्यांचे'. तिथलीही माणसं सज्जनच असतील. दोन्हीकडची मुलं शाळेत एका बाकावर बसतात. पण एकमेकांच्या घरात सकाळी कसला वास येतो, म्हातारी माणसं कशावरून भांडतात, आजारपणात कोण कुणाला काय करून देतं, हे त्यांना माहीत नाही. रिकामी जागा रिकामी राहत नाही. शेजारी नसला की त्याची जागा मोबाइल घेतो आणि शेजारी कसा असतो हे तोच सांगू लागतो. काकूंनी मला त्या सकाळी मारलेला टोमणा मी म्हणूनच विसरलो नाही.

आपण सलोख्याचे कार्यक्रम करतो. इफ्तार पार्टी, सद्भावना सभा, ईदला गळाभेट आणि दिवाळीला फराळाचे फोटो. अशा सभांत मी भाषणं केली आहेत आणि त्या निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. पण त्यात प्रत्येक जण आपल्या समाजाचा प्रतिनिधी होऊन येतो, धुतलेले कपडे घालून. तिथे कुणी कुणाला 'निंबोळी पेंड उरलीय का?' असं विचारत नाही. गच्चीवर मी मुस्लिमांचा प्रतिनिधी नसतो. हात मातीने भरलेला, मुळं जरा जास्तच कापून बसलेला आणि त्याबद्दल बोलणी खाणारा एक शेजारी असतो. भरवसा अशा कामांतून तयार होतो. तो तयार व्हायला वर्षं लागतात आणि मातीसारखाच तो एका रात्रीत वाहून जाऊ शकतो.

सूरह निसाच्या 36 व्या आयतीत शेजाऱ्याशी चांगलं वागण्याची आज्ञा आहे. तिथे नात्यातला शेजारी आणि परका शेजारी असे दोन्ही वेगवेगळे सांगितलेत. परक्याला वगळलेलं नाही. प्रेषितांनी सालन शिजवताना पाणी थोडं जास्त घालून शेजाऱ्याची आठवण ठेवायला सांगितलं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण हा हक अदा करायला आधी शेजारी असावा लागतो. सगळेच आपले असलेल्या वसाहतीत त्या आयतीतल्या परक्या शेजाऱ्याला शोधायचं कुठे?

काही वाचक विचारतील, दोन तुळशी दिल्याने दंगली थांबतात का? नाही थांबत. आपल्या जिल्ह्याला हे शिकवायची गरज नाही. 1948 च्या सप्टेंबरमध्ये निजामाची राजवट संपली. त्याआधी रझाकारांनी हिंदूंवर अत्याचार केले होते आणि त्यानंतर मुस्लिमांची कत्तल झाली. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव लिहिलं. त्याच समितीने जीव धोक्यात घालून मुस्लिम शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद केली. माझे दादा तेव्हा चौदा वर्षांचे होते. शेजारच्या घरातल्या कडब्याच्या गंजीत ते तीन दिवस लपले, असं ते सांगायचे. ते हेही सांगायचे की त्यांचं घर कुठलं, हे दाखवणाराही गल्लीतलाच होता. म्हणजे शेजार ही हमी नाही. पण दादांना वाचवणारा माणूस त्या दिवशी कुठून अचानक उगवला नव्हता. त्याच्याशी घरोबा आधीचा होता. वेळ आल्यावर शेजार करायला घेता येत नाही.

ज्यांच्या नावावरून शहराला उस्मानाबाद हे नाव पडलं, ते मीर उस्मान अली खान गेले, 2023 मध्ये नावही अधिकृतपणे बदलून धाराशिव झालं. गंमत म्हणजे काकूंच्या तोंडी अजून उस्मानाबादच आहे आणि मी अर्जावर मुकाट्याने धाराशिव लिहितो. पाटी बदलली, भिंत तीच आहे.

दिवाळी होऊन गेली. मी इसार दिला नाही. भाईजान नाराज आहे, पण दोन कुंड्या घेऊन गेला, एक कोरफडीची आणि एक पुदिन्याची. वृंदावनातल्या तुळशीने जीव धरला आणि द्वादशीनंतर तिचं लग्नही लागलं. त्या भजनी मंडळातल्या बाई लग्नाला आल्या होत्या. त्यांनी तुळशीला अक्षता टाकल्या, माझ्याकडे बघितलं आणि चिरमुरे, ऊस, बोरांचा प्रसाद पुढे केला. त्यांचं मत बदललं असेल, असं मी समजत नाही. पण प्रसाद दिला आणि मी घेतला.

काकू आता थंडीभर पुण्याला, मुलाकडे गेल्या आहेत. एकटं राहू नका, घर विकून टाकू, असं तो बरेच दिवस म्हणतो आहे. त्याचंही काही चुकत नाही. काकू परत येतील का, आणि नाही आल्या तर भिंतीपलीकडे कोण येईल, याची मला धास्ती आहे. जाताना त्या किल्ली देऊन गेल्या. वर कागदावर लिहून दिलं: तुळशीला रोज थोडं, कोरफडीला आठवड्यातून एकदा, शेवंतीची फुलं सरली की कुंडी बदल, मोगऱ्याचं पाणी डिसेंबरात तोड आणि मग छाट. खाली एक ओळ, 'टकटक करून बघत जा.'

ती किल्ली आमच्या दारामागच्या खिळ्याला, आमच्याच किल्लीशेजारी अडकवली आहे. सकाळी आधी त्यांच्या गच्चीवर जातो, मग आमच्या. काल शेवंतीचं शेवटचं फूल वाळलं. येत्या रविवारी तिची कुंडी बदलायची आहे. माती थोडी कमी पडेल. तुमच्यापैकी कुणाच्या घराला सामाईक भिंत अजून शिल्लक असेल, तर पलीकडे एक हाक मारून विचारा, त्यांच्याकडे माती उरलीय का, किंवा त्यांना हवी आहे का.